'साहेबांनी दिलं': लोकानुनय आणि कंपन्यांची सामाजिक जबाबदारी

कार्तिकात मांजरसुंब्याच्या चौकात थोडा वेळ उभं राहिलं की दोन रांगा दिसतात. एक कपिलधारकडे वळते. मन्मथस्वामींच्या समाधीला निघालेल्या दिंड्या, कपाळावर विभूती, खांद्यावर पडशी, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. लातूर-नांदेडकडून, कर्नाटकातून, तेलंगणातून चालत आलेली माणसं. दुसरी रांग पश्चिमेला जाते. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत उलटी घातलेली बाज, पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, खुराड्यात कोंबड्या आणि सगळ्यांत वर बसलेली पोरं. या ऊसतोडीच्या टोळ्या. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावं अशी रिकामी होतात आणि नेमकी तेव्हाच कपिलधारची जत्रा भरते.

बालाघाटाच्या दरीतलं हे ठाणं वीरशैव परंपरेचं आहे, आणि या परंपरेतले दोन शब्द आजच्या विषयाला थेट भिडतात. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह यांची सांगड घातली. कायक म्हणजे घाम गाळून केलेलं काम. दासोह म्हणजे त्या कामातून जे आलं ते समाजापुढे ठेवणं, आणि तेही दास होऊन. जत्रेत दासोहाच्या पंगतीला बसणाऱ्याला कुणी गाव विचारत नाही, आणि वाढणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीबद्दल, म्हणजे रोजच्या भाषेतल्या सीएसआरबद्दल, गेल्या दहाबारा वर्षांत भारतात आणि बाहेर जे काही घडलं ते मी या पंगतीतून बघतो. कारण लोकानुनयाच्या राजकारणानं सर्वांत आधी बदललं ते वाढणाऱ्याचं नाव.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. हा कायदा ज्या मोसमात झाला तो लक्षात घ्यावा. ऑगस्ट-सप्टेंबर २०१३ मध्ये, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, अन्नसुरक्षा कायदा आणि भूसंपादनाचा नवा कायदाही आला. लोकांना काहीतरी मिळालं पाहिजे, या दबावातूनच २ टक्क्यांची सक्ती जन्मली. लोकाभिमुख राजकारण नसतं तर हा पैसा कंपन्यांच्या मर्जीवरच राहिला असता. त्यामुळे लोकानुनय म्हणजे निव्वळ वाईट, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण लोकानुनय म्हणजे काय, हेही नीट सांगायला हवं. गरिबांसाठी योजना आणणं म्हणजे लोकानुनय नव्हे. ते तर लोकशाहीचं काम आहे. यान-वेर्नर म्युलर या जर्मन अभ्यासकानं २०१६ च्या आपल्या पुस्तकात मांडलेली खूण मला पटते: 'खरे लोक' कोण हे फक्त आम्हीच जाणतो आणि त्यांच्या वतीनं फक्त आम्हीच बोलणार, असा दावा. असा दावा करणाऱ्या नेत्याला आपल्या आणि लोकांच्या मध्ये कुणी नको असतं. ग्रामसभा नको, संस्था नको, खातं नको. जे मिळेल ते त्याच्या हातून मिळालं, असं दिसलं पाहिजे. दोन टक्क्यांच्या पैशाला पाय फुटतात ते इथे.

बीडच्या खेड्यांत पाण्याच्या यंत्राची टपरी बघावी. नाणं टाकायची फट, खाली नळ, वर फलक. फलकावर दोन-तीन चेहरे, मधला सर्वांत मोठा, आणि तळाला बोटभर पट्टीत कंपनीचं नाव. यंत्र कुणाचं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: साहेबांनी दिलं. पैसा भागधारकांच्या नफ्यातून आलेला असतो, तो खर्च करणं कायद्यानं बंधनकारक असतं, जागा ग्रामपंचायतीची असते. तरी ते साहेबांचं दान ठरतं. मग मेंब्रेन खराब झालं, मोटार जळाली, तर तक्रार कुणाकडे करायची? दिलेल्या दानाबद्दल तक्रार करता येत नाही. हक्क असेल तरच माणूस जाब विचारतो.

या बाबतीत रोख रकमेच्या योजना सीएसआरपेक्षा उजव्या आहेत, हे मला मोकळेपणानं म्हणायचं आहे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली तेव्हा तिच्यावर भरपूर टीका झाली. पण तिला शासन निर्णय आहे, महिन्याला १५०० रुपये ही रक्कम ठरलेली आहे, पात्रतेच्या अटी लिहिलेल्या आहेत. हप्ता थांबला तर बाई तलाठ्याला, सेतूला, आमदाराला विचारू शकते, आणि विचारतेही. कंपनीच्या पैशातून आलेल्या यंत्राबद्दल तिच्या हातात असा एकही कागद नसतो.

मात्र या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो आकड्यांत आहे. लाडकी बहीण योजनेचा वर्षाचा खर्च सुरुवातीला ४६ हजार कोटी रुपये सांगितला गेला. २०२२-२३ मध्ये देशातल्या सगळ्या कंपन्यांचा मिळून सीएसआर खर्च ३० हजार कोटींच्या आसपास होता. एका राज्याची एक योजना साऱ्या देशाच्या सीएसआरपेक्षा मोठी. तिजोरीतला एवढा पैसा दरमहा ठरलेल्या तारखेला जाऊ लागला की शाळेचं छत, दवाखान्याचं यंत्र, तलावाचा गाळ यांसाठी सरकार कंपन्यांच्या दाराशी जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं शाळा दत्तक योजना आणली. 'ड' वर्ग महापालिका, नगरपालिका आणि ग्रामीण भागातली शाळा ५ वर्षांसाठी घ्यायची तर ५० लाख आणि १० वर्षांसाठी १ कोटी रुपयांची मदत, वस्तू आणि सेवांच्या रूपात. अ आणि ब वर्गाच्या महापालिकांत हेच आकडे २ कोटी आणि ३ कोटी. बदल्यात देणगीदाराला आपलं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. जिल्हा परिषदेची शाळा गावानं वर्गणी काढून, जमीन देऊन उभी केलेली असते. तिच्या कमानीवरचं नाव विकत मिळू शकतं, हे वाचून मला पंगतीतल्या त्या निनावी वाढप्याची आठवण झाली.

वरच्या पातळीवर हीच गोष्ट मोठ्या आकारात घडते. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी नोंदवलं की केंद्राच्या पाच तेल कंपन्यांनी गुजरातमधल्या सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी २०१६-१७ मध्ये १४६.८३ कोटी रुपये सीएसआर म्हणून दिले, ओएनजीसीचे ५० कोटी त्यांत धरून. हा पुतळा राष्ट्रीय वारसा या व्याख्येत बसत नाही, असं परीक्षकांचं मत होतं. पटेलांबद्दल आदर असणं वेगळं आणि २ टक्क्यांचा पैसा कशासाठी होता हा प्रश्न वेगळा.

पुढे करोना आला. पीएम केअर्स हा निधी मार्च २०२० च्या अखेरीस स्थापन झाला आणि लगेच त्याला दिलेली देणगी सीएसआर धरली जाईल असं कंपनी व्यवहार मंत्रालयानं कळवलं. १० एप्रिलच्या खुलाशात त्याच मंत्रालयानं सांगितलं की मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली रक्कम मात्र सीएसआर धरली जाणार नाही. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेली चालेल. त्या वेळी महाराष्ट्रात सर्वाधिक रुग्ण होते आणि मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत होती, म्हणून इथे नाराजी उमटली. केंद्राच्या ३८ सार्वजनिक कंपन्यांनी मिळून पीएम केअर्सला सीएसआरमधून २१०५ कोटी रुपये दिल्याचं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं. हा निधी स्वतः माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही, अशी भूमिका न्यायालयात घेतली गेली. गावाच्या टपरीवरचा फलक आणि हा निधी यांच्यात आकाराचा फरक आहे. जातकुळी एकच: पैसा कंपनीचा, नाव पदाचं, आणि हिशेब मागायची वाट अरुंद.

हे फक्त आपल्याकडे चालतं असंही नाही. मॉरिशसनं २००९ मध्ये आपल्याआधी २ टक्क्यांचा नियम केला. काही वर्षांनी त्यातला मोठा वाटा सरकारी प्रतिष्ठानकडे भरणं कंपन्यांना सक्तीचं झालं. हंगेरीचं उदाहरण जास्त बोलकं आहे. व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारनं २०११ मध्ये कंपन्यांना आपल्या करातला काही भाग थेट खेळाच्या संघटनांना देण्याची मुभा दिली. ओर्बान ज्या फेल्चूत गावात लहानाचे मोठे झाले, तिथल्या फुटबॉल अकादमीकडे या वाटेनं भरपूर पैसा गेला आणि २०१४ मध्ये तिथे जे स्टेडियम उभं राहिलं त्याची आसनं गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहेत. कुणीही सक्ती केली नव्हती. नेत्याला काय आवडतं हे कंपन्यांना कळत होतं, एवढंच पुरलं.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेतलं. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या शाळांमध्ये लैंगिकतेविषयी काय शिकवायचं याबद्दलच्या कायद्यावर डिस्नेनं आधी मौन पाळलं, मग कर्मचाऱ्यांच्या रेट्यामुळे टीका केली. काही आठवड्यांतच राज्य विधिमंडळानं कंपनीला १९६० च्या दशकापासून असलेला विशेष क्षेत्राचा दर्जा काढून घेणारा कायदा केला. बोललं की किंमत मोजावी लागते, हा धडा जगभरच्या संचालक मंडळांनी घेतला. आपल्या कंपन्यांनी तो फार आधी घेतला होता. वार्षिक अहवालांत पाणी, शाळा, आरोग्य, झाडं सापडतात. मजुरांचे हक्क, माहिती अधिकार, जमिनीचे तंटे यांवर काम करणाऱ्या संस्थांना सीएसआरचा पैसा मिळणं दुर्मीळ. ज्या कामातून कुणाला राग येणार नाही तेवढंच काम 'सामाजिक' ठरतं.

कंपन्या आणि राजकारण यांच्यातला आणखी एक धागा कायद्यातच आहे. कंपनीनं राजकीय पक्षाला दिलेली देणगी सीएसआर धरली जात नाही, हे चांगलं. पण २०१७ पर्यंत कंपनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंत पक्षांना देऊ शकत होती. मोजमाप तेच, सरासरी तीच. समाजाला किमान दोन, पक्षाला कमाल साडेसात. २०१७ मध्ये ती मर्यादाही उठवली आणि निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही घटनाबाह्य ठरवलं. उजव्या हातानं पक्षाला आणि डाव्या हातानं गावाला देणारी कंपनी एकच असेल, तर गावाला दिलेल्या पैशाची दिशा कोण ठरवतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता पुन्हा मांजरसुंब्याला येतो, कारण माझ्या मते बीडची खरी गोष्ट इथे आहे आणि ती सीएसआरच्या चर्चेत येत नाही. कायद्यात 'स्थानिक क्षेत्र' असा शब्द आहे: कंपनीनं आपण जिथे काम करतो त्या आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. ऐकायला न्याय्य. पण ज्या जिल्ह्यात मोठे कारखाने नाहीत त्याचं काय? महाराष्ट्रात सीएसआरचा खर्च देशात सर्वाधिक होतो, पण त्याची गर्दी मुंबई-पुण्याच्या आजूबाजूला. २०१८ मध्ये केंद्रानं आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा राज्यातले नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद त्यांत आले, बीड नव्हतं. म्हणजे शेजाराच्या नात्यानं पैसा येत नाही, यादीच्या नात्यानंही येत नाही. उरतं ते वजन. ज्याचं मुंबईत वजन त्याच्या मतदारसंघात काम. २०२५ मध्ये पालकमंत्री असताना अजित पवार यांनी पाठपुरावा केला आणि टाटा टेक्नॉलॉजीजचं तरुणांसाठी प्रशिक्षण केंद्र बीडला मंजूर झालं. केंद्र चांगलंच आहे, पोरांना त्याची गरज होती. पण एका माणसाच्या पत्रावर जे येतं ते पुढच्या माणसाच्या पत्रावर दुसरीकडे जाऊ शकतं.

आणि बीडचा कंपन्यांशी संबंध नाही, हे तरी खरं आहे का? ट्रॉलीवर बसलेली ती माणसं सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि कर्नाटकातल्या कारखान्यांचा ऊस तोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने फडात. कारखान्याच्या मस्टरवर त्यांचं नाव नसतं, करार मुकादमाशी असतो. कारखान्याचं 'स्थानिक क्षेत्र' त्याच्या फाटकाभोवती मोजतात, कोयत्याच्या गावापर्यंत ते कधी पोचत नाही. शिवाय सहकारी कारखाने कंपनी कायद्याखाली येतच नाहीत, त्यामुळे त्यांना कलम १३५ लागू नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ महिलांची माहिती घेतली; त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांच्या शोधवृत्तानं याच फडांतली साखर कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या पुरवठासाखळीपर्यंत कशी जाते ते मांडलं. फडात संडास नाही, पाळीच्या दिवसांत सुटी नाही, एक दिवस खाडा केला तर दंड. सामाजिक जबाबदारी या शब्दाला काही अर्थ असेल तर तो इथे आहे, नफा जिथे तयार होतो तिथे. नफा झाल्यावर त्यातल्या दोन टक्क्यांचं काय करायचं हा नंतरचा प्रश्न.

लोकानुनयाचं राजकारण या ठिकाणी दुहेरी वागलेलं आहे, आणि दोन्ही बाजू सांगायला हव्यात. गोपीनाथ मुंडे यांनी ऊसतोड मजुराला आवाज दिला, हे कुणी नाकारू नये. कोयता बंद आंदोलनं, दरवाढीसाठी पवार-मुंडे लवाद, या सगळ्यामुळे कारखानदाराला मजुरासमोर बसावं लागलं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली ती त्याच परंपरेतली. मुंडे यांच्याच नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं ठरलं. मला हा नियम सीएसआरपेक्षा अधिक न्याय्य वाटतो. इथे पैसा उसाच्या टनाशी, म्हणजे कोयत्याच्या घामाशी बांधलेला आहे. पण दुसरी बाजूही आहे. नोंदणी, ओळखपत्र, फडातली सोय, अपघात विमा यांची कायदेशीर सक्ती करायची वेळ आली की हात आखडतो. कारण कारखान्याचा अध्यक्ष आणि मतं मागणारा नेता पुष्कळदा एकच असतो, किंवा एकाच पंगतीतला.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर हे सगळं एका निर्णयात दिसलं. सिंदफणा, गोदावरीच्या पुरानं मराठवाडा बुडाला होता. गाळप हंगामाच्या बैठकीत ठरलं की कारखान्यांकडून टनामागे १० रुपये मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आणि ५ रुपये पूरग्रस्तांसाठी घ्यायचे. शेतकरी संघटना खवळल्या: आमच्या उसाच्या पैशातून आम्हालाच मदत? मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी खुलासा केला की ही रक्कम शेतकऱ्याच्या बिलातून जाणार नाही, कारखान्यांच्या नफ्यातून जाणार. कारखान्याचा नफा आणि उसाचं बिल यांच्यातली रेघ कुठे आहे, हे गावात कुणाला दिसत नाही, म्हणून तो राग होता. मदत हवीच होती. ती कुणाच्या खिशातून आणि कुणाच्या नावानं, हा प्रश्न विचारणारे शेतकरी मला बरोबर वाटले.

बालाघाटाच्या माथ्यावर आता पवनचक्क्याही आहेत. या नव्या कंपन्यांच्या बाबतीत राजकारणानं कुठली पातळी गाठली हे ९ डिसेंबर २०२४ ला कळलं. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या २ कोटींच्या खंडणीतून हे प्रकरण घडल्याचा आरोप आहे आणि खटला विशेष न्यायालयात आहे. त्यावर इथे निवाडा करायचा नाही. पण जिथे कंपनीनं गावाला कायद्यानं काय द्यायचं हे गावाला माहीत नसतं, तिथे गावाच्या नावावर कुणीही काहीही मागू शकतो. आणि मध्ये उभा राहणाऱ्या सरपंचाच्या हातात काहीच नसतं.

याच जिल्ह्यात वेगळी वाटही दिसली आहे. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये मानवलोक सुरू केली, तेव्हा सीएसआरचा कायदाही नव्हता. २०१६ मध्ये पानी फाउंडेशननं पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत घेतली: वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई. पैसा मोठ्या कंपन्यांच्या प्रतिष्ठानांचाही होता, पण गावाला तो आधी मिळाला नाही. आधी प्रशिक्षण, मग श्रमदान, मग मशीन. चर किती खोल खणायचा हे ग्रामस्थांनी स्वतः मोजलं, म्हणून पाणी साठलं तेव्हा कुणी 'साहेबांनी दिलं' म्हटलं नाही. त्याच काळात सरकारची जलयुक्त शिवार योजना चालू होती. ९६३३ कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजलावर फारसा परिणाम झाला नाही, असं महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये म्हटलं. तोवर सरकार बदललं होतं, चौकशी लागली. सरकार पुन्हा बदललं, योजना पुन्हा सुरू झाली. श्रमदानातल्या चरांचं तसं झालं नाही. काही बुजले, काही टिकले, पण ते कुठल्याच पक्षाचे नव्हते. श्रमदानाची ही पद्धत सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही. फडात सहा महिने राबून आलेल्या बाईनं मे महिन्यात पुन्हा कुदळ उचलावी, अशी अपेक्षा ठेवायला मला जड जातं.

मला दोन बदल तातडीचे वाटतात. एक, स्थानिक क्षेत्राची व्याख्या फाटकापाशी थांबू नये. ज्या तालुक्यांतून हंगामी मजूर येतात ते तालुके कारखान्याच्या आणि त्याच्याकडून साखर घेणाऱ्या कंपनीच्या स्थानिक क्षेत्रात धरले जावेत. दोन, सीएसआरमधून झालेल्या कामाच्या फलकावर चेहरा नको. रक्कम, तारीख, देखभाल कुणाकडे आणि किती वर्षं, एवढंच हवं.

तिसऱ्या गोष्टीला कायदा बदलायचीही गरज नाही. प्रत्येक कंपनीच्या वार्षिक सीएसआर अहवालात एक तक्ता असतो: कामाचं नाव, राज्य, जिल्हा, रक्कम. तो जाहीर असतो. बीड जिल्ह्याच्या ओळी ग्रामसेवकानं उतरवून ग्रामसभेत वाचाव्यात, ज्या गावात काम दाखवलंय तिथे ते काम उभं आहे का ते लोकांनी सांगावं आणि इतिवृत्तात लिहावं. फक्त तारीख जपून निवडावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अर्धं गाव फडात असतं. १ मे बरी. तोवर ट्रॉल्या मांजरसुंब्याच्या चौकातून परत आलेल्या असतात.